छंद म्हणून लोहारकाम शिकवायचंय? आधी हातोडा लपवा

घरामागे भट्टी लावली की बघायला माणसं येतातच, आणि त्यातला कुणीतरी म्हणतो, "मलाही शिकव की." आपण खुशीत येऊन त्याच्या हाती हातोडा देतो. पहिल्या दहा मिनिटांत सळईचं टोक जळतं, विसाव्या मिनिटाला मनगट भरून येतं. मग उरलेलं काम आपणच करतो आणि तयार आकडा, म्हणजे वस्तू अडकवायचा हूक, त्याच्या हातात ठेवतो. तो आकडा घरी नेतो, चारचौघांना दाखवतो आणि परत कधी येत नाही.

माझ्याकडे असे बरेच जण येऊन गेले. त्यांना आवड नव्हती असं नाही, माझा क्रम उलटा होता. हा लेख शिकवणाऱ्यांसाठी आहे. तुमची भट्टी चालू आहे, दोनतीन वर्षांत हात बसला आहे आणि आता कुणाला तरी हे असं द्यायचं आहे की तो म्हातारपणापर्यंत करत राहील. शिकणारा पहिल्या दिवशी काय बनवतो ते मी फारसं बघत नाही. तो दुसऱ्यांदा येतो का, एवढंच बघतो.

## १. भट्टी परक्याच्या नजरेने बघा

तुमच्या पायांना कोपरा न् कोपरा पाठ असतो, पाहुण्याच्या पायांना नसतो. तो यायच्या आदल्या दिवशी भट्टीजवळ उभं राहून ऐरणीपर्यंत चालून बघा. हे अंतर दोन पावलांचं हवं आणि वाटेत काहीही नको. बघायला आलेल्यांनी कुठे थांबायचं ती रेघ खडूने जमिनीवर मारा.

ऐरणीची उंची सगळे विसरतात. शिकणाऱ्याला ऐरणीशेजारी सरळ उभं करा, हात मोकळा सोडून मूठ वळायला सांगा. ऐरणीचा माथा त्या मुठीच्या पेरांशी यायला हवा. ऐरण उंच पडत असेल तर त्याच्या पायाखाली जाड, न हलणारी फळी टाका. ठेंगणी असेल तर ओंडक्याखाली फळ्या सरकवून घट्ट बसवा. वाकून मारणाऱ्याची कंबर अर्ध्या तासात बोलायला लागते, आणि आपल्याला हे काम झेपणारं नाही अशी त्याची समजूत होते.

जमीन मातीची किंवा कोरड्या विटांची असलेली बरी. फार तापलेला लोखंडाचा तुकडा सिमेंटच्या कोब्यावर पडून राहिला तर कोब्याची कपची फुटून उडू शकते.

सावधान: बंद खोलीत भट्टी पेटवायची नाही, कोळशाची नाही आणि गॅसचीही नाही. कार्बन मोनॉक्साइडला ना वास ना रंग. डोकं जड होणं, मळमळ, गुंगी ही त्याची खूण असते आणि दमलेला माणूस ती थकवा समजतो. छप्पर असलं तरी किमान दोन बाजू उघड्या हव्यात.

माल आधीच कापून ठेवा. साध्या मऊ लोखंडाचा, म्हणजे माइल्ड स्टीलचा, ८ किंवा १० मिलिमीटरचा चौकोनी गज घ्या आणि त्याचे साधारण ४५० मिलिमीटरचे सहा तुकडे करा. तुकडा लांब ठेवण्यामागे कारण आहे. एक टोक आगीत असताना दुसरं हातात धरता येतं, म्हणजे पहिल्या दिवशी सांडशी लागतच नाही. सांडशीतला तुकडा कसा फिरतो, कसा निसटतो, हा वेगळा धडा आहे आणि पहिल्या दिवशी तो नको. मागचं टोक कोमट व्हायला लागलं की तेवढाच भाग पाण्यात बुडवायचा. मऊ लोखंडाला त्याने काही होत नाही.

जस्ताचा मुलामा असलेलं काहीही आगीत जाऊ देऊ नका. गॅल्व्हनाइज्ड पाइप, तार, नटबोल्ट, सगळं बाजूला. जस्त सुमारे ९०७ अंश सेल्सिअसला उकळतं आणि आपलं काम त्याच्या वरच्या तापमानाला चालतं. तो पांढरा धूर छातीत गेला की काही तासांनी थंडी वाजून ताप भरतो, अंग मोडून येतं. क्रोमचा मुलामा आणि जुने रंग यांनाही हाच नियम. शिकणारा घरून "हे चालेल का?" म्हणून काहीतरी घेऊन येतोच. त्याला आधीच सांगा की पहिल्या दिवशी माल फक्त तुमचा.

कपडे सुती. नायलॉन, पॉलिस्टर वितळून कातडीला चिकटतं. बूट चामड्याचे, आणि पँट बुटाच्या बाहेर. आत खोचलेल्या पँटमधून ठिणगी थेट बुटात उतरते. चष्मा सगळ्यांना, बघ्यांनासुद्धा. कानात बोळे हवेतच, कारण लोहारकामात ऐकू येणं एका दिवसात जात नाही. ते वर्षावर्षाने कमी होत जातं आणि गेलेलं परत मिळत नाही. हातमोजा घालायचाच असेल तर फक्त सळई धरणाऱ्या हाताला. तो सैल हवा, झटकला तर उडून पडेल असा, आणि पूर्ण कोरडा. ओल्या हातमोज्याने गरम लोखंड धरलं तर आतल्या आत वाफ होते आणि तीच भाजते.

तपासा: वाहतं पाणी किती पावलांवर आहे? भाजलेला भाग साध्या थंड पाण्याच्या धारेखाली २० मिनिटं धरायचा असतो. बर्फ नको, टूथपेस्ट नको. भाजणं मोठं असेल किंवा चेहरा, डोळा, सांध्यावर असेल तर धारेनंतर थेट डॉक्टर. वाळूची बादली आणि पाण्याची बादली भट्टीच्या दोन वेगळ्या बाजूंना आहेत ना?

## २. काळ्या लोखंडाचा नियम पेटवण्याआधी

हा एकच नियम आहे, पण त्याला मी वेगळा टप्पा देतो. का ते सांगतो. माझा भाचा पहिल्यांदा आला तेव्हा मी त्याला आगीबद्दल, ठिणग्यांबद्दल, हातोड्याबद्दल पाऊण तास ऐकवलं. नंतर माझ्या हातून एक तुकडा खाली पडला. मिनिटभराने त्याने तो मदत म्हणून उचलला. तुकडा काळा होता, लाल नव्हता. चार बोटांवर फोड आले. चूक माझी होती. मी लाल लोखंडाची भीती घातली, काळ्याची घातलीच नाही.

लोखंडाची लाली ५०० अंशांच्या आसपास डोळ्यांना दिसेनाशी होते. म्हणजे ४०० अंशांचा तुकडा थंड तुकड्यासारखाच दिसतो. म्हणून भट्टीत नियम असा: पडलेलं कुणी उचलायचं नाही. ज्याच्या हातून पडलं त्यानेच, सांडशीने. ठेवलेल्या कुठल्याही तुकड्याला हात लावण्याआधी हाताची मागची बाजू त्याच्याजवळ न्यायची, न टेकवता. ऊब जाणवली तर तो गरमच आहे. तापलेले तुकडे ठेवायची जागाही एकच असावी, एखादी लोखंडी जाळी किंवा वाळूचा ट्रे. त्या जागेवरचं सगळं नेहमी गरम, असंच धरून चालायचं.

हा नियम शिकणाऱ्याकडून उलट म्हणवून घ्या. तुम्ही सांगितलंत आणि त्याने मान डोलावली, एवढ्याने तो कळला असं होत नाही.

## ३. थंड तास: मातीचं लोखंड

पहिल्या भेटीतला पहिला अर्धा तास आग नाही. मुलं खेळतात ती क्ले घ्या, तिची बोटाएवढी चौकोनी सळई करा आणि ऐरणीवर ठेवा. तापलेलं लोखंड दाबलं की जसं सरकतं तसंच क्लेही सरकतं, फक्त तिला घाई नसते. ऐरणीला चिकटत असेल तर खाली कागद ठेवा.

मातीवर तीन गोष्टी दाखवायच्या.

पहिली, माल कुठे जातो. एका बाजूने मारलं की सळई लांब होते आणि रुंदही होते. रुंदी परत आत ढकलायला ९० अंशांत वळवून मारावं लागतं. म्हणून हाताची लय एकच: इकडे दोन घाव, पाव वळण, तिकडे दोन घाव, परत मागे. सळई एकाच दिशेने गोल गोल फिरवत राहिलं की चौकोनाचा समांतरभुज चौकोन होतो. ती चूक मातीवर मुद्दाम करू द्या. वाकडा चौकोन हातात धरला की कळतो, शंभरदा सांगून कळत नाही. दुरुस्तीही तिथेच दाखवा. ज्या दोन कोपऱ्यांतलं अंतर जास्त आहे ते कोपरे वरखाली धरायचे आणि हलक्या हाताने बसवायचे.

दुसरी, हिशोब. चौकोनी सळईचं अणकुचीदार टोक म्हणजे पिरॅमिड, आणि पिरॅमिडला तेवढ्याच लांबीच्या सरळ तुकड्याच्या एकतृतीयांश माल लागतो. म्हणजे ६० मिलिमीटरचं टोक हवं असेल तर सळईतले फक्त २० मिलिमीटर वापरायचे. नवखा माणूस ६० मिलिमीटर तापवतो आणि सगळ्यावर मारत सुटतो. मग टोक वीतभर लांब, बारीक आणि लुळं होतं.

तिसरी, हातोड्याची पकड. क्लेवर लाकडी हातोडी चालेल. मूठ आवळायची नाही. दांडा हातात किंचित खेळला पाहिजे. अंगठा दांड्याच्या पाठीवर ताठ ठेवायची सवय पहिल्या दिवशीच मोडा, नाहीतर वर्षभराने अंगठा आणि कोपर दोन्ही कुरकुरतात. घाव बसला की हातोडा आपोआप थोडा उसळतो. त्या उसळीवर तो वर न्यायचा, ताकदीने उपसायचा नाही. हातोड्याचं वजन ८०० ग्रॅम ते एक किलो. दणकट माणूस हमखास दोन किलोचा मागतो. देऊ नका. जड हातोड्याने तो थकतो, थकल्यावर पकड आवळतो आणि नेम चुकवतो.

आणि हो, नव्या हातोड्याच्या तोंडाच्या कडा आधी ग्राइंडरवर मोडून गोलसर करून ठेवा. धारदार कडेचा हातोडा तिरका बसला की लोखंडावर नखासारखी चंद्रकोर उमटते. शिकणाऱ्याला वाटतं आपला हात वाईट आहे. तो हातोड्याचा दोष असतो.

सावधान: रिकाम्या ऐरणीवर जोराने हातोडा मारून "आवाज बघ कसा येतो" हे करू देऊ नका. दोन्ही पोलाद कडक असतात, कड निखळून कपची उडते.

## ४. आग आधी, हातोडा नंतर

बहुतेक जण घाई करतात ती इथे. आग आपण पेटवून तयार ठेवतो आणि शिकणाऱ्याला थेट तापलेली सळई देतो. त्यामुळे त्याला घाव घालता येतो, पण ताव देता, म्हणजे लोखंड हवं तेवढं तापवता, येत नाही. घरी गेल्यावर त्याची पहिली अडचण आगच असते, आणि तिथेच तो सोडून देतो.

म्हणून आग त्यानेच पेटवायची. तुम्ही शेजारी उभं राहायचं, खिशात हात घालून.

लाकडी कोळशाची भट्टी धरून सांगतो. हवेच्या नळीच्या तोंडावरची राख आणि कीट, म्हणजे कोळशातला न जळणारा घट्ट मळ, काढा. मधे कागद, काटक्या, त्यावर कोळशाचे लहान तुकडे. भाता किंवा ब्लोअर अगदी हळू. कोळसा धरायला लागला की थराथराने वाढवा. नळीच्या तोंडापासून वर निखाऱ्यांची उंची तुमच्या वीतभर होईपर्यंत लोखंड घालायचं नाही.

आता त्याला आगीचे तीन मजले दाखवा. नळीच्या तोंडाजवळ ताजी हवा असते. तिथे लोखंड तापतं, पण त्यावर जळक्या लोखंडाची खपली धरते आणि टोक जळतं. मधला मजला सगळ्यात गरम, तिथली बरीचशी हवा कोळशाने खाल्लेली असते. काम तिथे होतं. वरचा मजला झाकणाचा, तो उष्णता धरून ठेवतो. नवखा माणूस सळई वरून भाल्यासारखी खाली खुपसतो, म्हणजे टोक थेट नळीच्या तोंडाशी जातं. सळई आडवी सरकवायची, खालीही निखारे आणि वरही निखारे.

दगडी कोळसा असेल तर त्यातलं कीट वितळून खाली पोळीसारखं जमतं आणि हवा अडवतं. आग आवाज करते पण तापत नाही, असं झालं की खाली कीट आहे असं समजा आणि आकडीने ओढून काढा. गॅसची भट्टी असेल तर पेटवण्याआधी सांध्यांवर साबणाचं पाणी लावून बुडबुडे बघायला शिकवा, आणि बंद करताना आधी सिलिंडरचा कॉक.

रंग ओळखायचा धडा. एक तुकडा वाया घालवायचा, मनापासून. सावलीत घालवायचा. उन्हात लाल रंग दिसतच नाही आणि माणूस तापवत बसतो. सळई आत घाला, दर थोड्या वेळाने बाहेर काढा आणि रंगाचं नाव त्याला म्हणायला लावा:

- जेमतेम दिसणारा गडद लाल, ६०० अंशांच्या आसपास: मारायचं नाही.
- डाळिंबी लाल, साधारण ७५० ते ८००: फक्त सरळ करणं, हलका हात.
- केशरी, ९०० ते १०००: वाकवणं, शेवटचा हात फिरवणं.
- पिवळा, ११०० च्या पुढे: माल सरकवायचा, टोक काढायचं. खरं काम इथे.
- पांढरट, टोकावर फुलबाजीसारख्या ठिणग्या: जळलं.

ते जळलेलं टोक बाहेर काढून ऐरणीवर एक घाव घालायला सांगा. ते भुसभुशीत होऊन तुटतं. तुटलेला तुकडा थंड झाल्यावर त्याला घरी न्यायला द्या. माझ्याकडे शिकून गेलेल्यांपैकी निम्म्यांनी तो आकड्यापेक्षा जास्त जपलाय.

तपासा: डोळे मिटायला सांगा, सळई बाहेर काढा, उघडायला सांगा. दोन सेकंदांत "मारू" किंवा "परत आत" हे उत्तर आलं पाहिजे. तीनदा लागोपाठ बरोबर येईपर्यंत हातोडा कपाटातच.

## ५. पहिलं टोक

आता हातोडा. काम एकच: सळईला टोक काढायचं.

आधी तुम्ही तुमच्या तुकड्यावर करून दाखवा, न बोलता, एका तावात. मग त्याने त्याच्या तुकड्यावर. त्याच्या तुकड्याला तुम्ही हात लावायचा नाही. हे लिहायला सोपं आहे. समोर टोक वाकडं होत असताना आपला हात आपोआप पुढे जातो. पण "दे, जरा सरळ करून देतो" म्हटलं की त्या तुकड्यावरची त्याची मालकी गेली.

क्रम असा.

1. सळईचं टोक पिवळं होईपर्यंत तापवा. बाहेर काढताच एकदा झटकून किंवा तारेच्या ब्रशने खपली पाडा. खपलीवर मारलं तर ती लोखंडात रुतून खड्डे पडतात.
2. टोक ऐरणीच्या पलीकडच्या कडेवर ठेवा. सळईचा मागचा हात थोडा उचला आणि हातोडाही तेवढाच तिरका करा. वरून जेवढा उतार, खालून तेवढाच.
3. अगदी टोकापासून सुरुवात करा. चौकोनी, आखूड, बोथट टोक आधी. मग मागे सरकत ते लांबवा.
4. चौकोनी टोक हव्या त्या लांबीचं झालं की चारही कोपरे मोडून अष्टकोनी करा.
5. मग अष्टकोनाचे कोपरे हलक्या हाताने मोडून गोल.

चौकोन, अष्टकोन, गोल. हा क्रम मोडून सुरुवातीपासूनच गोल फिरवत मारलं की कडा पुढे पळतात, मधला भाग मागे राहतो आणि टोकाला माशाचं उघडं तोंड तयार होतं. पुढच्या तावाला ते दुमडतं आणि चिरतं. तसं झालं तर तेवढं टोक कापून टाकायचं. बुजवायचा प्रयत्न करू देऊ नका.

१० मिलिमीटरची सळई बाहेर आली की चांगले घाव घालायला दहापंधरा सेकंद मिळतात, टोक बारीक झालं की त्याहून कमी. त्यातही नवखा माणूस पहिली चार सेकंद सळई कुठे ठेवू यात घालवतो. म्हणून सळई आत असतानाच ठरवायचं: कुठे ठेवणार, किती घाव, कुठल्या बाजूने.

आता तुमच्या बोलण्याबद्दल. एका शाळेतल्या बाई माझ्याकडे शिकायला यायच्या. तिसऱ्या दिवशी त्यांनी हातोडा खाली ठेवला आणि म्हणाल्या, "तुम्ही बोलता तेव्हा मी ऐकत उभी राहते, आणि तुमचं झालं की लोखंड काळं झालेलं असतं." मला तोवर वाटत होतं मी छान समजावतो. तेव्हापासून नियम केला: लोखंड बाहेर असताना शिकवणाऱ्याने गप्प राहायचं. फक्त दोन शब्द चालतात, "आत" आणि "थांब". बाकी सगळं लोखंड आगीत असताना. आणि तेव्हाही एकच गोष्ट. "मनगट सैल, कोन तिरका, आणि पाय जरा पुढे" असं एका दमात सांगितलं की तिन्ही विसरतात.

थंड लोखंडावर मारत राहणं ही सगळ्यांची चूक आहे, आणि ती हौसेतून होते. अजून एकच घाव, अजून एकच. केशरीच्या खाली गेलं की "आत". निळसर पडलेल्या लोखंडावर, म्हणजे साधारण २०० ते ३५० अंशांत, मारणं तर थंडपेक्षाही वाईट. त्या टप्प्यात ते ठिसूळ असतं, बारीक टोकाला तडे जातात.

तपासा: दर चौथ्या तावानंतर त्याचा तळहात उघडून बघा. करंगळीखाली लाली आली असेल तर पकड आवळली जातेय. बोटं थरथरत असतील तर आजचं हातोड्याचं काम संपलं. दोन तासांच्या भेटीत प्रत्यक्ष मारणं चाळीस मिनिटांपेक्षा जास्त नको.

## ६. आकडा

टोक जमलं की आकडा हे मुख्यतः वाकवणं आहे, म्हणून इथे फार वेळ जात नाही. टोकाचा शेवट ऐरणीच्या कडेवर किंचित वळवून घ्या, म्हणजे तो बोचत नाही. मग सळई केशरी करून शिंगावर, म्हणजे ऐरणीच्या निमुळत्या गोल टोकावर, ठेवा आणि शिंगाच्या पलीकडे अधांतरी असलेल्या भागावर मारा. शिंगावर टेकलेल्या भागावर मारलं की सळई वाकत नाही, चेपते. ही चूक जवळजवळ प्रत्येकजण करतो.

पीळ द्यायचा असेल तर पीळ हवा तेवढाच भाग सारखा तापलेला हवा. त्याची एक बाजू वाइसमध्ये, म्हणजे शेगड्यात, धरायची आणि दुसरी पान्ह्याने एका दमात फिरवायची. पीळ एकीकडे दाट आणि एकीकडे विरळ आला तर दोष हाताचा नसतो, ताव सारखा नव्हता. दाट झालेल्या भागावर थोडं पाणी टाकून तो थांबवता येतो.

शेवटी तारेच्या ब्रशने घासून, हात लावता येणार नाही पण धूर सुटेल इतक्या गरमपणी मेण किंवा जवसाचं तेल लावा.

सावधान: जवसाच्या तेलाचे चिंध्यांचे बोळे कोपऱ्यात टाकू नका. ते तेल सुकताना स्वतःच तापतं आणि चिंधी आपोआप पेट घेऊ शकते. चिंध्या पाण्यात बुडवा किंवा उघड्यावर एकेरी पसरून वाळवा.

## ७. पुढच्या भेटी, आणि सुरीचा प्रश्न

सुरी कधी, हे दुसऱ्या भेटीला विचारलं जातंच. मी सरळ सांगतो: पाच गोष्टींनंतर. आकडा, पान, छिद्र पाडलेली पट्टी, सांडशी, छिन्नी. छिद्रासाठी सुंबा कसा धरायचा आणि दर दोनतीन घावांनी तो कसा गार करायचा हे सांडशीच्या आधी यायला हवं. आणि सांडशी स्वतः बनवली की माणूस दुसऱ्याच्या हत्यारांवर अवलंबून राहत नाही. माझ्या मते तिथे छंद पक्का होतो.

छिन्नीपाशी पोलादाला पाणी देणं, म्हणजे तापवून एकदम गार करत कडक करणं, येतं. स्प्रिंगच्या पोलादाचा तुकडा घ्या, पण दाबलेली स्प्रिंग उघडायचा खटाटोप कुणी करायचा नाही. हे पोलाद पांढरटाच्या जवळही न्यायचं नाही, मऊ लोखंडापेक्षा ते लवकर जळतं. घडवून झालं की धारेकडचा भाग तापवा. तारेला बांधलेलं चुंबक जवळ धरा. सुमारे ७७० अंशांना लोखंडाचं चुंबकाकडे ओढलं जाणं थांबतं. त्याच्या किंचित वर नेऊन तेलात घाला. तेलाचं भांडं धातूचं आणि झाकणाचं हवं, आणि बुडवायचं ठामपणे. अर्धवट बुडवून बघत राहिलं की तेल पेट घेतं. नंतर धार घासून चकचकीत करा आणि मागून हळू ऊब द्या. आधी गवती पिवळा, मग तपकिरी, मग जांभळा रंग धारेकडे सरकतो. छिन्नीसाठी जांभळ्याला थांबवा. ही पायरी चुकवली की छिन्नी पहिल्याच घावाला काचेसारखी फुटते.

आणि पाइप कधीही एका टोकाने पाण्यात घालू देऊ नका. आतली वाफ वरच्या टोकातून थेट हातावर येते.

## ८. दोघांनी एका ऐरणीवर

शिकणाऱ्याला घण, म्हणजे दोन हातांचा मोठा हातोडा, मारायला घेणार असाल तर आधी खुणा ठरवा आणि थंड लोखंडावर सराव करा. तुमचा छोटा हातोडा जिथे टेकेल तिथेच घण. तुमचा हातोडा ऐरणीवर आडवा पडला की घण थांबला. घणवाल्याने तुमच्या समोरासमोर उभं राहायचं नाही, थोडं कडेला. दांड्यातून डोकं निसटलं तर ते कुठल्या दिशेला जाईल हा विचार करून जागा ठरवायची. दांडा आणि पाचर रोज बघायची, तुमच्या हातोड्याचीही.

## ९. त्याची स्वतःची भट्टी

पाचसहा भेटींनंतर तुमच्या भट्टीची गोडी त्याच्या वाटेत यायला लागते. चांगली ऐरण, चांगला ब्लोअर, आणि घरी काहीच नाही. त्याला मोठ्या ऐरणीच्या मागे लागू देऊ नका. रुळाचा तुकडा उभा करून ओंडक्यात पक्का रोवला, तर माथ्याची जागा लहान मिळते पण घावाखाली वस्तुमान भरपूर असतं. हाताच्या पंजाएवढा, जाड, भरीव लोखंडाचा ठोकळाही चालतो. मातीने लिंपलेलं लोखंडी भांडं, एक लोखंडी नळी आणि हवा द्यायला काहीही, एवढ्यात कोळशाची भट्टी होते. माती पूर्ण वाळल्याशिवाय मोठी आग करायची नाही, आणि भट्टीत नदीतले गोटे घालायचे नाहीत. आतलं पाणी वाफ होऊन ते फुटतात.

पहिल्यांदा त्याने पेटवताना तुम्ही जा. हत्यारं घरीच ठेवून जा. जमिनीवरची खडूची रेघ त्याने मारली आहे का, वाहतं पाणी जवळ आहे का, काळं ठेवायची जागा कुठे आहे, एवढं बघा आणि रेघेबाहेर बसा.

आग विझवणंही त्यालाच करू द्या. हवा बंद, निखारे आकडीने पसरवून एकमेकांपासून दूर, जवळचं जळण्यासारखं सगळं लांब. भट्टीत पाणी ओतायचं नाही. वाफेबरोबर राख आणि निखारे तोंडावर येतात, आणि ओतीव लोखंडाची भट्टी असेल तर ती तडकते. मग अर्धा तास तिथेच बसायचं, दोघांनी. राखेवर वीतभर उंच तळहात धरून बघायचा. ऊब वाढतेय असं वाटलं तर खाली अजून धग आहे, परत पसरवायचं आणि परत अर्धा तास.